गावतलावावरचे पक्षी टिपायचे कसे: मोबाइल, शेडनेटचं लपण आणि सगळ्यांना पुरेल अशी जागा

विदर्भात वन्यजीवांचे फोटो म्हटलं की जिप्सी, वाघ आणि हातभर लांब लेन्स एवढंच आठवतं. सफारीला पैसे लागतात, पहाटे गेटवर हजर व्हावं लागतं, उंच गाडीत चढता यावं लागतं, आणि काही व्याघ्र प्रकल्पांत मोबाइल आत नेऊच देत नाहीत. म्हणजे गावातली आजी, व्हीलचेअरवरचा मुलगा, रोजी बुडवणं न परवडणारी बाई हे सगळे पहिल्या पायरीलाच गळतात. पक्ष्यांसाठी यातलं काही लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गावाला लागून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव असतो, नाहीतर निदान एखादी बोडी. अकोला, वाशीम, यवतमाळच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात पाझर तलाव किंवा नाल्यावरचा बंधारा असतो. अशा एकाच जागेवर वर्षभर काम कसं करायचं आणि ती जागा गावातल्या कुणालाही वापरता येईल अशी कशी करायची, ते इथे सांगितलं आहे.

तलाव धरा, आणि पाळीच्या खालून चाला

दहा ठिकाणं पालथी घालण्यापेक्षा घरून चालत किंवा सायकलने जाता येईल असा एकच तलाव धरा. पक्षी ठरल्या वेळी ठरल्या जागी येतात, आणि ती वेळ नि जागा एका फेरीत कळत नाही. ढीवर मंडळींना, म्हणजे तलावात मासेमारी करणाऱ्यांना, आणि गुराख्यांना ती आधीच माहीत असते. पहिली चौकशी त्यांच्याकडे करा. बऱ्याच तलावांवर मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या लोकांना भेटून जाळी कोणत्या दिवशी ओढतात, शिंगाडा लावला आहे का, डोंगा, म्हणजे छोटी होडी, कुठून सुटतो, हे विचारून घ्या. जाळं ओढायच्या दिवशी बदकं पलीकडच्या काठाला सरकतात, मात्र बगळे आणि घारी जवळ येतात. म्हणजे तो दिवस वाया जात नाही, फक्त टिपायचा पक्षी बदलतो.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. सकाळी पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. दुपारनंतर पश्चिमेच्या काठावर जा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी आग्नेयेचा कोपरा सगळ्यात बरा.

सर्वांत जास्त पक्षी उडतात ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत गेल्याने. पाळीवर उभा माणूस पाण्यावरच्या पक्ष्याला आभाळाच्या उजेडावर काळ्या आकृतीसारखा दिसतो, आणि तो दोनशे मीटरवरूनही दिसतो. म्हणून पाळीच्या बाहेरच्या अंगाने, शेतांकडून चाला. ठरवलेल्या जागी पोहोचलात की वाकून हळूच वर या आणि डोकं पाळीच्या काठाइतकंच वर काढा. वर बेशरमाचं झुडूप असेल तर त्याच्या आडून बघा. ते झुडूप एरवी काही कामाचं नाही, पण इथे चांगलंच उपयोगी पडतं.

वर्षाचं वेळापत्रक साधारण असं. धान कापणी झाली की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाहेरची बदकं असतात: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, मोठ्या तलावावर पट्टकादंबही. जानेवारीनंतर पाणी ओसरून गाळ उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार, धोबी काठाशी येतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, कारण हे पक्षी उघड्यावर चरतात आणि एकाच ओळीत पुढे पुढे सरकतात. फेब्रुवारी-मार्चला तलाव सोडून पळसाखाली बसा. फुललेल्या एका झाडावर कोतवाल, बुलबुल, शिंजीर, पोपट आणि भोरड्यांचे थवे एका सकाळी येऊन जातात. पावसाळ्यात सुगरणीची घरटी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, काणूक आणि अडई. पश्चिम विदर्भात हिवाळ्यात तूर-हरभऱ्याच्या वावरांवर कापशी घार आणि भोवत्या बघायचे. कापशी घार धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीवर किंवा विजेच्या खांबावर येऊन बसते, म्हणून पांदणीने मोटारसायकल हळू चालवत राहणं पायी जाण्यापेक्षा बरं. गाडीला ते सरावलेले असतात, माणूस उतरला की उडतात.

हातात जे आहे त्यावर

मोबाइलने पक्षी येत नाही ही तक्रार बहुतेक वेळा बोटांनी चिमटीत झूम केल्यामुळे असते. तो झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणं, त्यात नवा तपशील येत नाही. फोनमध्ये २ किंवा ३ पटीची वेगळी लेन्स असेल तर तेवढंच वापरा, पुढे जाऊ नका. पक्ष्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथे पक्के होतात, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फुलपाखरं, बेडूक, चतुर, कोळी यांच्यासाठी फोन मोठ्या कॅमेऱ्याइतकाच चालतो. मुलांच्या हाती पहिल्यांदा फोन देताना पक्षी नको, तलावकाठचे चतुर द्या. एकाच काडीवर ते पुन्हा पुन्हा येऊन बसतात.

दूरचा पक्षी हवा असेल तर दुर्बिणीला फोन लावा. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण आणि फोनचं जुनं सिलिकॉन कव्हर पुरतं. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जेवढा मोठा तेवढा सकाळी-संध्याकाळी उजेड जास्त. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भागाचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यावर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा दोन सेंटिमीटरचा तुकडा किंवा बाटलीचं झाकण शोधा. झाकणाच्या मधोमध भोक पाडा. फोन कव्हरमध्ये घाला, कॅमेरा सुरू करा आणि झाकण दुर्बिणीवर बसवून पडद्यावर पूर्ण गोल उजेड दिसेपर्यंत फोन सरकवत राहा. गोल पूर्ण झाला की कव्हरवर पेनाने खूण करा, आणि मगच एम-सीलने चिकटवा. आधी चिकटवून नंतर जुळवायला गेलात की कव्हर वाया जातं.

यात तीन गोष्टी बिघडतात. गोलाच्या एका बाजूला काळी कोर दिसत असेल तर फोनची लेन्स मध्यावर नाही. सगळीकडून काळी कडी दिसत असेल तर अंतर चुकलंय; दुर्बिणीची रबरी कड चष्मेवाल्यांसाठी करतात तशी खाली दुमडून बघा. आणि २ पट झूम करताच चित्र एकदम काळं होत असेल तर फोनने आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारली आहे आणि ती लेन्स दुर्बिणीसमोर नाहीच. प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवायच्या मोडमध्ये, जाऊन मुख्य लेन्स पक्की करा.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर गावाकडच्या कामाला लेन्स न बदलणारा मोठ्या झूमचा कॅमेरा सोयीचा. निकॉन पी९०० सारख्या कॅमेऱ्याचा झूम ८३ पट, म्हणजे २००० मिलिमीटरच्या तोडीचा आहे. कापसाच्या वेचणीत आणि धानाच्या मळणीत उडणारी धूळ बघता लेन्स काढ-घाल न करणं हाच मोठा फायदा. कमी उजेडात तो मार खातो, सूर्योदयाआधी त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेताना अंधाऱ्या खोलीत लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. स्वस्तात मिळते म्हणून डबल करणारी टेलिकन्व्हर्टर जोडू नका. साध्या झूम लेन्सवर ती उजेड एक चतुर्थांश करते आणि फोकस भटकतो.

ट्रायपॉडऐवजी पिशवी करा. जुन्या जीन्सच्या पायाचा दीड फुटाचा तुकडा, दोन्ही तोंडं शिवलेली, एका बाजूला चेन. आत साधारण दोन किलो धान. तांदूळ घातले तर सोंडे लवकर लागतात, टरफलामुळे धान जास्त टिकतं. पश्चिमेकडे सरकीही चालते. पिशवी पाऊणच भरा. गच्च भरली की ती दगडासारखी होते आणि लेन्स वरून घरंगळते. सैल राहिली तर कॅमेरा रुतून खाली टेकतो. पावसाळ्यात धान काढून उन्हात वाळवा.

सेटिंग, पक्षी बघून

सगळ्यांसाठी एक सेटिंग नसतं. सुरुवातीला शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) स्वतः ठरवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) कॅमेऱ्यावर सोडा आणि त्याची वरची मर्यादा १६०० ठेवा. नवा कॅमेरा असेल तर ३२००. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद. चालणाऱ्या शेकाट्याला १/१०००. उडणाऱ्या बदकाला १/२०००. शटर कमी पडलं की सगळं चित्र एका दिशेला पुसल्यासारखं येतं. फोकस चुकला की पक्षी धूसर आणि मागचं गवत मात्र स्वच्छ येतं. घरी येऊन दोष कशाचा हे असं ओळखा, नाहीतर पुढच्या वेळी चुकीचंच बटण फिरवाल.

पांढरा बगळा आणि काळा कोतवाल दोन्ही कॅमेऱ्याला फसवतात. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. गडद पाण्यावर छोटासा पांढरा बगळा असेल तर तो पाण्यासाठी उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट होतात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची पट्टी, -०.७ ते -१ करा. आभाळापुढे तारेवर बसलेला कोतवाल नुसता काळा डाग दिसतो. तिथे +१ ते +१.७ करा, आभाळ पांढरं पडलं तरी चालेल. चौकट भरून बगळाच असेल तर मात्र उलट: कॅमेरा त्याला करडा करतो, थोडं अधिककडे जा.

फोकस सतत चालू राहणारा ठेवा, एकच बिंदू वापरा आणि तो डोळ्यावर धरा. कवड्या खंड्या सरावाला उत्तम. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, तेवढ्यात फोकस पक्का करता येतो; तो सूर मारणार ते मान खाली वळताच कळतं. नीळकंठ बसलेला असताना मळकट वाटतो, निळा दिसतो तो पंख उघडल्यावर. तो नेहमी त्याच खांबावरून खाली झेपावतो, म्हणून खांबावर फोकस धरून थांबा. वेडा राघू किडा पकडून त्याच काडीवर परततो आणि गिळण्याआधी आपटतो, तो क्षण हवा असेल तर पहिल्या झेपेला बटण दाबू नका, परतायची वाट बघा.

मार्चनंतर सकाळी नऊ वाजले की लांबचे फोटो सोडून द्या. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी पक्ष्याच्या कडा वितळलेल्या येतात. सेटिंग बदलून हे सुधारत नाही. अंतर कमी करा, पंधरा-वीस मीटरच्या आत असलेलंच टिपा, नाहीतर सावलीत बसून नोंदी करा.

जवळ जाणं, आणि कुठे जायचंच नाही

पक्ष्याकडे सरळ चालू नका. तिरकं चाला, मधे थांबा, नजर दुसरीकडे ठेवा. चरणं थांबवून मान ताठ केली, डोकं वरखाली हलवलं किंवा सगळ्यांनी एकाच दिशेला तोंडं केली, की ती हद्द झाली. तिथेच खाली बसा. पुन्हा चरायला लागले तर दोन पावलं पुढे. टिटवी ओरडायला लागली की पूर्ण तलाव सावध होतो. तेव्हा अर्धा तास तरी काही मिळत नाही.

घरट्याचे फोटो काढू नका, एवढा एक नियम पाळला तरी खूप. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मादी-नर आलटून पालटून अंड्यांवर सावली धरतात आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात. तुम्ही जवळ उभे राहिलात आणि ते परतले नाहीत, तर अंडी उन्हात भाजून निघतात. कायद्यानेही हे साधं प्रकरण नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं आणि आमिष दाखवणं येतं. म्हणजे घरट्यापुढची फांदी ‘जरा बाजूला’ करणंही त्यातच मोडतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, दगड मारून थवा उडवणं, रात्री फ्लॅश मारणं हे सगळं बंद. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली तर निदान शंभर मीटरवर थांबा, बांधावर गाडी घालू नका आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय वावरात पाय ठेवू नका. त्याच्या धानातलं घरटं त्यानेच राखलेलं असतं.

पुस्तकांत ‘जमिनीवर पालथे पडा, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून टिपा’ असं लिहिलेलं असतं. फोटो सुंदर येतो यात शंका नाही. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात किंवा जंगलाला लागलेल्या कुठल्याही तलावावर हा सल्ला विसरा. मोहफूल वेचताना, गवत कापताना वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. वाकलेला, बसलेला माणूस दोन पायांचा वाटत नाही. अशा ठिकाणी उजाडल्यावरच जा, दिवस कलण्याआधी परता, किमान तिघे असा, एकाने कॅमेरा न घेता मागच्या झुडपाकडे तोंड करून उभं राहायचं. कमी उंचीवरून हवाच असेल तर उघड्या पाळीवर, गावाकडच्या बाजूला. वाघ-बिबट्याचा माग दिसला की त्या दिवशी परत फिरा आणि वनरक्षकाला सांगा. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

दुसरा धोका शेताच्या कुंपणाचा. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन जोराचा चटका देते. पण कुणी थेट लाइनवरून तार ओढलेली असेल तर जीव जातो, आणि दोन्ही तारा पहाटेच्या अंधारात सारख्याच दिसतात. कुठल्याही तारेला हात लावू नका, ती ओलांडूही नका. पायात गमबूट, हातात टॉर्च. घोणस आणि मण्यार याच वाटांवर असतात. चावा झालाच तर पट्टा करकचून बांधू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या. वड-पिंपळाखाली बसण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर तिथे थांबू नका.

सगळ्यांना बसता येईल असं लपण

लपण म्हणजे पक्ष्यांपासून आड बसायची जागा. ती एकदा नीट बांधली की चालत पाठलाग करायची गरजच उरत नाही, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांचा फोटो इतरांइतकाच चांगला येतो. म्हणून खर्च आणि मेहनत करायचीच तर इथे करा.

आधी वाट. व्हीलचेअरला दर एक फूट चढासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. तलावाची पाळ दहा फूट उंच असेल तर एकशेवीस फुटांचा रॅम्प झाला, तो कुणी बांधणार नाही. त्यामुळे पाळीवर चढायच्या भानगडीत पडू नका. पाळीचं टोक जिथे नैसर्गिक उंचवट्याला मिळतं, किंवा जिथून गुरं पाण्यावर उतरतात, तिथे जमीन जवळपास सपाट असते. लपण तिथेच घ्या. वाट चार फूट रुंद, त्यावर मुरुमाचा चार इंच थर, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसात तो खाली जातो, म्हणून आधी खाली गिट्टी टाका. पाण्याकडच्या कडेला तीन-चार इंच उंच दगडी काठ करा, चाक घसरत नाही. एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतं असेल तर बुरडांकडचे बांबूचे दोन-तीन तट्टे आडवे टाकून पुढे पुढे सरकवत न्या.

ढाचा बांबूचा, आठ फूट बाय सहा फूट, वर आणि तीन बाजूंना हिरवी शेडनेट दुहेरी. मागून दार तीन फूट रुंद, उंबरठा नाही. आत पाच फूट बाय पाच फूट जागा मोकळी, खुर्ची पूर्ण फिरवता येते. पुढे पाण्याकडे कॅमेरा टेकवायला फळी: जमिनीपासून अडीच फुटावर, फूटभर रुंद, खाली काहीही आडवं लावायचं नाही, म्हणजे व्हीलचेअरचे गुडघे आत जातात. खिडकी एक भोक नको. सव्वादोन फुटापासून सव्वाचार फुटापर्यंत सलग पट्टी ठेवा आणि त्यावर एकावर एक येतील असे कापडाचे पडदे. लहान मूल, खुर्चीवरचा माणूस आणि बाकावरची आजी, जो तो आपल्या उंचीचा पडदा वर करतो. बाक दीड फूट उंच, आणि हाताला टेकू असलेला. टेकूशिवाय गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही आणि तो पुन्हा येत नाही.

बांधून झालं तरी पक्षी येत नाहीत, याचं कारण बहुधा मागचा उजेड असतो. नेटच्या मागून ऊन येत असेल तर आतली हालचाल बाहेर सावलीसारखी स्पष्ट दिसते. मागे काळी चादर टांगा, की फरक लगेच कळतो. पांढरे शर्ट-टोप्या नकोत. नेट सैल असेल तर वाऱ्याने फडफडते, दर फुटावर बांधा. आणि बांधल्याबरोबर आत बसू नका, आठ-दहा दिवस रिकामं राहू द्या.

खर्चासाठी ग्रामपंचायतीत विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखायचा असतो. वाट आणि बाक त्यातून होतील का, हा प्रश्न ग्रामसभेत मांडता येतो. तलाव ज्या खात्याकडे आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्या, आणि सिमेंटचं काहीही उभारू नका.

हात थरथरत असतील तर फोन पिशवीवर ठेवून वायरचा इअरफोन लावा. बऱ्याच फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो, पडद्याला हात लावावा लागत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांनी ‘नुसतं सोबत यावं’ हे काही खरं नाही. सूर्योदयाआधीचा अर्धा तास आवाजांचा असतो आणि ते रेकॉर्डिंग त्यांनी करावं. फोन फळीवर ठेवायचा, माइकवर पातळ मोजा चढवायचा म्हणजे वाऱ्याची घरघर येत नाही, किमान दोन मिनिटं न बोलता रेकॉर्ड करायचं आणि शेवटी तारीख, वेळ, जागा मोठ्याने बोलायची. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, मराठीत चालतं. मर्लिन हे मोफत अॅप आवाजावरून नाव सुचवतं. भारताचा संच घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा, तलावावर नेटवर्क मिळेलच असं नाही. अॅपने सुचवलेलं नाव म्हणजे अंदाज, ऐकणाऱ्याने आवाज ओळखल्याशिवाय नोंद करू नका. ऐकू न येणाऱ्यांसोबत असाल तर निघण्याआधी पाच खुणा ठरवा: थांबा, बसा, डावीकडे, वर, उडाला. दुर्बीण डोळ्याला लावलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, खांद्याला हलकेच हात लावा. आणि ‘तो बघा हिरव्या झाडावर’ असं कुणालाच सांगू नका. पळसाचा बुंधा सहा वाजले धरा, शेंडा बारा. पक्षी दोनच्या काट्यावर.

बायांना यायचं असतं, पण पहाटेची वेळ पाणी, स्वयंपाक आणि वावरात जाण्याची असते. हिवाळ्यात साडेतीन-चारची फेरी ठेवा, तेव्हाही उजेड उत्तम असतो. शौचालय कुठे आहे ते आधी सांगा, मुलं सोबत आणायला हरकत घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरने गुराख्याकडून किंवा ढीवराकडून जागा विचारून घेतली तर त्याची दिवसाची रोजी द्यावी, आणि फोटोखाली ‘पक्षी दाखवला’ असं लिहून त्याचं नाव, त्याच्या संमतीने, द्यावं. हे झालं नाही म्हणूनच गावात कॅमेरेवाल्यांबद्दल कुरकुर असते, आणि ती रास्त आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा आणि नाव द्या: तारीख, तलाव, पक्षी. गावात जे नाव चालतं ते आधी लिहा, प्रमाण नाव मागून. ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाका. पण घुबडाची ढोली, घरटं, खवल्या मांजर असं काही असेल तर जागा झाकून ठेवा आणि व्हॉट्सअॅपवर मूळ फाइल पाठवण्याआधी जीपीएसची, म्हणजे जागेची, माहिती काढा. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी या नोंदींची एक प्रत गावच्या जैवविविधता समितीला द्या. ऑनलाइन टाकताना पर्यायी मजकुराच्या जागी एक वाक्य लिहा: ‘कमळाच्या पानावर एका पायावर उभा लांब शेपटीचा पक्षी, चोचीत किडा.’ स्क्रीन वाचणारं यंत्र तेच बोलून दाखवतं.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते जुन्या वेगळ्या तव्यावर मंद आचेने सुकवा, स्वयंपाकाचा तवा वापरू नका. तांदळात कॅमेरा पुरण्याचा प्रकार बंद करा, त्याचा भुगा बटणांत जातो. लेन्सवरची धूळ आधी फुग्याने उडवा, मग पुसा. शर्टाच्या टोकाने पुसली की ओरखडा कायमचा.

वर्षातून एकदा फोटो गावाला दाखवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो; तो मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ठरला आहे. १२ बाय १८ इंचाच्या छपाईला इंचाला २०० बिंदूंच्या हिशेबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. फोनमधून कापलेला पक्षी एवढा नसतो, तो ६ बाय ८ मध्येच छापा. दोन-तीन फोटोंच्या बाह्यरेषेवर फेविकॉलने जाड लोकर चिकटवा, म्हणजे बोटांनी चोच, मान, शेपूट कळते. खाली ब्रेल पट्टीसाठी जवळच्या अंध विद्यालयाला विचारा. फोटो भिंतीवर मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगायची सवय आहे. ते चार फुटावर मध्य येईल असे लावा, नाव मोठ्या अक्षरात खाली, आणि समोर पाच फूट जागा मोकळी सोडा.